शाळा बांधायला ऐंशी हजार

बसा, चहा होईपर्यंत सांगतो. माझी नात मृण्मयी इथून जवळच, करंजाड्याला राहते. परवा म्हणाली, "आजोबा, सुट्टीत महिनाभर आफ्रिकेत शाळा बांधायला जाते. स्वयंसेवक म्हणून. ऐंशी हजार भरायचेत."

मी म्हटलं, "काम तू करणार आणि पैसेही तूच देणार? चाळीस वर्षं गवंडीकाम केलं मी. मजुरी ठरल्याशिवाय थापी उचलली नाही."

"माझं राहणं, जेवण, शिकवणारा माणूस, हा खर्च कोणी करायचा? त्या गरीब गावाने?"

मग मी तिला आमच्या शाळेची गोष्ट सांगितली. आमच्या गावात एकदा मुंबईची कॉलेजची मुलं श्रमदानाला आली होती. आठ दिवस आम्ही त्यांना घरोघर तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊ घातली. त्यांनी शाळेची भिंत बांधली, फोटो काढले आणि गेली. भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा दोरीचा ओळंबा लावलाच नव्हता, भिंत झुकलेली. मी ती पाडून पुन्हा बांधली. फुकट, कारण शाळा आमची होती.

हे ऐकून नात हिरमुसली. "मग नको जाऊ?"

"जा. पैसे मी देतो. पण आधी आठ दिवस रोज माझ्याकडे येऊन ओळंबा लावायला शिक."

"तुमची फी किती, आजोबा?"

"फी नाही. जेवणाचा डबा मात्र घरून आणायचा."