पदर ओढणारी मुलं

नीलम : थांबवा मॅडम, इथंच थांबवा व्हिडिओ. बघा की, तेजस्वी खेळता खेळता हाका मारतीया आणि मी मागाकडं तोंड करून! आई हाय का दगड, म्हणतील.

सुनयना : साडीचा माग खडखडत होता, आक्का. ऐकू कसं येणार?

नीलम : ते तुम्हाला ठावं. बघणाऱ्याला?

सुनयना : पुढं बघा ना. ती उठली, पदर ओढला, तुम्ही लगेच वळलात.

भरमा : आमच्या शहापुरात पोरं पदरच ओढत्यात, मॅडम. मीबी आईचे लई पदर फाडलेत.

नीलम : तुम्ही गप बसा वो.

सुनयना : खरंय त्यांचं. लहान मुलं आईला कशी बोलावतात, हे बघताना आम्ही विद्यापीठात हाकाच मोजत आलो. पदर ओढणं मोजलंच नाही. म्हणून विचारायला आले. हा व्हिडिओ खुला ठेवू का? इंटरनेटवर जगभरातल्या अभ्यासकांना बघता येईल. माझं चुकलं असेल तर तेही दाखवता येईल.

नीलम : हाका मारलेलं तेवढं कापा, मग ठेवा.

सुनयना : कापलं तर ते खोटं होईल. पूर्ण ठेवायचा, नाहीतर ठेवायचाच नाही.

भरमा : ठेवू दे की गं. परदेशात दिसंल आपली पोरगी.

नीलम : तुमचं काय जातंय? व्हिडिओत तुम्ही हायसा कुठं? नाव माझं खराब हुणार.

(भरमा उठून आत जातो.)

नीलम : खरं सांगा, मॅडम. तुमच्या आईनं तुमचा असा व्हिडिओ ठेवू दिला असता?

सुनयना : नसता.

नीलम : आणि मला इचारता?

सुनयना : मी लहान असताना निपाणीला आमच्या वस्तीत असेच अभ्यासाला लोक आलते. माझा फोटो काढून नेला. कॉलेजात गेल्यावर एका पुस्तकात सापडला. खाली छापलेलं, ‘बुद्धीनं मागे पडलेलं मूल’. आईला कुणी विचारलंच नव्हतं.

नीलम : ...मी न्हाय म्हटलं तर तुमचं काम अडंल?

सुनयना : थोडं अडेल. पदराचं मी नुसतं सांगणार, दाखवायला काही नसेल. लोक मानतील, न मानतील.

नीलम : मग न्हायच, मॅडम. नको.

सुनयना : बरं.

नीलम : समजावणार न्हाईसा मला?

सुनयना : न्हाई, आक्का.

नीलम : मग उठताय कशाला? बसा. च्या ठेवते.