नानांची गोदी

गोदी म्हणलं की तुम्हीपण हसणार, माहीत हाय मला. माझे चुलते, हसनाबादचे नाना, नौदलात महायुद्धातल्या जुन्या तरंगत्या गोदीवर होते. सांगायचे, "ती आधी स्वतः पाण्यात बुडायची, मंग फुटकं जहाज अंगावर घेऊन वर यायची." आमच्याकडं गोदी म्हणजे मांडी. लोक विचारायचे, "जहाज काय लेकरू हाय का, गोदीत घ्यायला?"

परवा आमच्या जालन्याच्या कारखान्यात तिचंच भंगार आलं. नानांना घेऊन गेल्तो. जाड लोखंडावरून त्यांनी हात फिरवला.

"हिचं काय करून राह्यले?"

"वितळवून सळया," मी म्हणलं.

नाना भट्टीकडं बघत राहिले.

"एवढी जहाजं गोदीत घेतली हिनं," ते म्हणले. "हिला घ्यायला कोणी न्हाई."