लोटाभर पाणी

—नाही, नाही, एवढ्यात उठू नका सुकलालभाऊ, बसा खाली. जेवलात आमच्या घरी, पोरीसाठी मन्हा पोरगा लोटन पाहिलात, घर पाहिलंत, बैलांचे दात पाहिलेत—आणि मग काय, हात धुवायला दिलेला लोटा घेऊन सरळ वावरात? ओतलात आणि उकिडवे बसून राहिलात. काय पाहत होतात? पाणी मुरतं का ते? नाही मुरलं. तसंच उभं राहिलं वर, दगडावर सांडल्यासारखं. अख्ख्या धानोऱ्यानं पाहिलं. 'दगूबाई, वाईट मानू नका, पोर देण्याआधी माती पाहायची आमची रीत आहे' म्हणता—असेल तुमच्या प्रकाशा गावाला! तापीकाठच्या लोण्यासारख्या मातीत शोभतात असल्या रिती. आमच्याकडे पाहुणा जेवतो, सुपारी खातो आणि तोंड मिटून बसतो.

आणि ओतलंत कुठे—वावरातल्या गाडीवाटेवर, तेही माघात! मृगाला या ना. हात जाईल एवढ्या भेगा असतात, पहिलं पाणी घटाघटा पिते आमची जमीन. मग मिटते. मिटली की मिटली—वरून कितीही कोसळू दे, वीतभर खणलं की खाली धूळ—म्हणजे दरवर्षी नाही, एखाद्या वर्षी. चोपण म्हणू नका, मेलेली जमीन म्हणू नका! सगळं चोपण नाही, विहिरीकडचा तुकडा बरा आहे. बरा म्हणजे—तूर येते. ठेलारी धनगरांची मेंढरं खतासाठी बसवली, ताग गाडला, शेतकीचा साहेब आला तो घोड्यावर बसल्या बसल्या म्हणाला चर खणा, तेही खणले. लोटन अजून खणतो. आत्ताही, तुमचं पाणी उभं राहिलेलं पाहिलं आणि कुदळ घेऊन गेला, मूर्ख. मला म्हणतो, 'तू काळजी करू नको माय, मी देखसू.' असा पोरगा नाकारता? ही गोष्ट येत्या बाजारी खांडबाऱ्यापर्यंत जाईल, मग कोण देणार त्याला पोरगी? सांगा ना, कोण देणार?

पोर इथे काय करील, म्हणता? मी केलं तेच करील. पाऊस उघडला की वर पापडी धरते, बाजरीचा कोंब खालीच वाकडा होऊन मरतो. मग ओळीनं बसायचं आणि बोरीच्या काट्यानं ती फोडत जायचं, हळू, कोंब तुटला की सासू ओरडते. लोटन पोटात होता तेव्हाही मी बसले. त्याच्या आधीचा एक—तेव्हाही बसलेच होते, पोटात दुखत होतं, पण दोन ओळी राहिल्या होत्या म्हणून उठले नाही, आणि मग तिथेच—जाऊ द्या. काय पाहता असे? सगळ्याच बायका बसतात. तुमच्याकडच्या नसतील बसत, महाराण्या! मन्हा बाप आला होता हे घर पाहायला. पोटभर जेवला, हसला, म्हणाला माती ती माती. वावरात पाय ठेवला नाही त्यानं. एक ओंजळ तरी ओतून पाहायची होती त्यानं—एक ओंजळ—

उठा. आता का बसून राहिलात? उठा म्हणते ना! देऊ नका पोरगी इथे. तिची सासू होणार होते ती मी सांगते, देऊ नका. आणि असं तोंड करून माझ्याकडे पाहू नका, तुमची कीव नकोय मला. मागच्या वाटेनं जा. विहिरीकडून जाऊ नका, लोटन तिथे खणतोय. जा.