हळदीचे चार कोपरे

राजगोपाळ: रागावू नका मामा, पण पुन्हा विचारतो. तुमच्या पत्राच्या चारी कोपऱ्यांना हे पिवळं काय लावलंय?

चंद्रमौळी: आणि मी पुन्हा सांगतो इन्स्पेक्टर, मी काही लावलेलं नाही! जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर शाईचा ठिपका सांडला तरी पोरांना बाकावर उभं करत होतो. तो मी लंडनच्या मुख्य प्रधानांना डागाळलेला कागद पाठवीन?

राजगोपाळ: मद्रासला पत्रं तपासतात, त्यांना वाटतंय ही गुप्त शाई आहे. त्यांचंही चूक नाही. लढाईचे दिवस, पत्र खुद्द मुख्य प्रधानांना, आत नद्या, डोंगर, हत्तींच्या वाटा आणि वर हे पिवळे ठिपके. त्यांनी ते कुंभकोणच्या ठाण्यात परत पाठवलं. ठाण्यात मराठी घरातला मी एकटा, म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

मीनाक्षीबाई: आधी कापी घ्या, निवते. तुम्ही कुणाचे म्हणायचे?

राजगोपाळ: तंजावरचे, मामी. किल्ल्याजवळ घर आमचं.

मीनाक्षीबाई: मग आपलेच की! आपल्या माणसाला हे विचारावं लागतं होय? हळद आहे ती.

चंद्रमौळी: काय?

मीनाक्षीबाई: हळद हो. मी लावली. तुम्ही डिंक शोधायला आत गेलात तेव्हा.

चंद्रमौळी: अगो, माझ्या पत्राला? लग्नाची पत्रिका आहे का ती?

मीनाक्षीबाई: शुभ व्हावं म्हणूनच लावतात ना? आपला कल्याणराम तिकडं ब्रह्मदेशाच्या रानात आहे. त्याच्या भल्यासाठी जाणारं पत्र मी कोऱ्या कोपऱ्यांनी घराबाहेर जाऊ देईन?

राजगोपाळ: कल्याणराम म्हणजे तुमचा मुलगा?

चंद्रमौळी: एकुलता. पलटणीत आहे. नेमका कुठं, ते त्याला लिहू देत नाहीत. मी आपला भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवत बसतो.

राजगोपाळ: हळद! अय्यय्यो. मद्रासला तो कागद दिव्यावर धरून बसले होते, मामी.

मीनाक्षीबाई: जिभेला लावला असता तर लगेच कळलं असतं.

राजगोपाळ: बरं, मी तसं लिहून देतो. पण पिवळं ठेवून पत्र पुढं सोडणार नाहीत, तसा हुकूम आहे. सोपं आहे, चार कोपरे कापून टाकू, अक्षरापर्यंत हळद आलेलीच नाही. आजच्या टपालानं पत्र पुढं जाईल. कात्री द्या जरा.

मीनाक्षीबाई: कात्री नाही.

चंद्रमौळी: आहे की, शिवणाच्या पेटीत...

मीनाक्षीबाई: नाही म्हटलं ना! कोपरा कापलेलं पत्र कसलं असतं, विसरलात दोघेही?

राजगोपाळ: अं... हो. हो, मामी. माझ्या ध्यानात आलं नाही.

मीनाक्षीबाई: मरणाचं असतं. माझा भाऊ गेला तेव्हा तसंच कार्ड आलं होतं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण तो तुटका कोपरा बघूनच मी मटकन खाली बसले. आता टपालवाला दारात आला की मी आधी कोपरे बघते, मग अक्षर. आणि माझ्या लेकासाठी लिहिलेल्या पत्राचे चारी कोपरे मीच कापून देऊ? मेलं ते पत्र! जाऊच नका देऊ.

चंद्रमौळी: कात्री राहू द्या, इन्स्पेक्टर.

राजगोपाळ: मग अडलं की घोडं. कापायचं नाही, आणि असंच जायचं नाही. पण मामा, मी पत्र सगळं वाचलंय. मुलाचं नाव कुठंच नाही त्यात. देवळांतल्या हत्तींची पलटण उभारा, चिखलातून तोफा ओढायला लावा, असं लिहिलंय. मग नद्यांचं. आणि अगदी तळाशी पंगतीचं काहीतरी.

चंद्रमौळी: ते हिचं. जेवायला बसलो की कानाशी भुणभुण, माझंही लिहा, माझंही लिहा! कागद थोडा उरला होता, घातलं.

राजगोपाळ: पण लढाईत पंगत कसली, मामी?

मीनाक्षीबाई: सांगते. पोरानं लिहिलं होतं, 'अम्मा, आमची तुकडी सगळ्यांच्या पुढं. जेवण मागून येतं. वाटेतले सगळे जेवतात आणि आमच्यापर्यंत पातेल्याचा तळ पोचतो.' ते वाचलं आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. अहो, विठोबाच्या मठात उत्सवाचा स्वयंपाक मी बघते. वाढपी नेहमी जवळच्या पानापासून सुरू करतो. शेवटच्या पानाशी येईतो भात गार आणि तूप संपलेलं. मी उलटं करायला लावलं. आधी शेवटचं पान, मग मागं येत या.

राजगोपाळ: जवळचे ओरडत असतील.

मीनाक्षीबाई: ओरडू देत की! स्वयंपाकघराजवळ बसलेला ओरडला तर मला ऐकू येतं, त्याला कोण उपाशी ठेवतो? शेवटचा ओरडला तर कुणाला ऐकू जातं? तेवढंच त्या प्रधानांना सांगायचंय. त्यांच्या घरीही कुणी बाई वाढत असेलच, तिला विचारा म्हणावं.

राजगोपाळ: खरं आहे, मामी. माझ्या स्वतःच्या लग्नात मी शेवटच्या पंगतीला होतो. पायसम मिळालं नाही मला.

मीनाक्षीबाई: अगोबाई! नवऱ्यामुलाला? थांबा, वाटीभर आणते, सकाळी नैवेद्याला केलंय.

चंद्रमौळी: इन्स्पेक्टर, ती आत आहे तोवर खरं सांगा. माझी पत्रं लंडनपर्यंत पोचतात तरी का?

राजगोपाळ: मला खरंच ठाऊक नाही, मामा. मद्रासपर्यंत पोचतात, एवढं तर आज कळलं. पत्र नव्यानं लिहून देता का? मी थांबतो.

चंद्रमौळी: नव्यानं? केवढं ते! हात बघा माझा, चमचा धरला तरी थरथरतो.

मीनाक्षीबाई: हे घ्या पायसम. आणि तुम्ही सगळं कशाला लिहिता? हत्ती बिचारे राहू द्या की देवळात.

चंद्रमौळी: हत्ती हा माझा मुख्य मुद्दा आहे! त्यासाठी मी...

मीनाक्षीबाई: बरं बाई, लिहा हत्ती. मी आपलं हाताला त्रास नको म्हणून म्हटलं.

चंद्रमौळी: ...नाही. तोफा आणि हत्ती सांगणारे त्यांच्या भोवती पुष्कळ असतील. कोरा कागद दे. तुझं पंगतीचं तेवढंच जाऊ दे.

मीनाक्षीबाई: माझं एकटीचंच? अहो, नको. ते हसतील.

चंद्रमौळी: हसू देत. पोराला भूक लागली की तो तुला लिहितो, मला नाही. मला विचारतो, बाबा, नकाशावर सापडलो का? नाही सापडत मला. तू सांग, मी इंग्रजीत उतरवतो. 'साहेब, मोठ्या पंगतीत वाढताना...'

मीनाक्षीबाई: 'शेवटच्या पानापासून सुरुवात करा. जवळच्यांची काळजी करू नका, ते मागून घेतात.'

चंद्रमौळी: 'मागून घेतात.' लिहिलं. खाली सही कुणाची? माझी नको, सल्ला तुझा आहे.

मीनाक्षीबाई: माझं नाव त्यांना काय कळायचं! लिहा, पंगतीच्या शेवटी बसलेल्याची आई.

चंद्रमौळी: ...लिहिलं.

राजगोपाळ: दाखवा. एवढ्या थरथरत्या हातानं किती सुरेख अक्षर, मामा!

मीनाक्षीबाई: इकडे द्या, घडी मी घालते. तुम्ही वाकडी घालता.

चंद्रमौळी: अगो थांब! हात धुतलेस का? पुन्हा पिवळं व्हायचं.

मीनाक्षीबाई: धुतले हो, दोनदा. पण हळद कुठं लगेच जाते?

राजगोपाळ: राहू द्या, मामी. तेवढी मला दिसली नाही.