मध्ये आलेला शिंपी

शिंपीकाकांच्या कपाळाला तीन टाके घालून झाले होते. औषध मिळेपर्यंत दोघं नवरा-बायको दवाखान्याच्या बाकावर टेकले. समोरच्या टेबलाशी कापसाचे बोळे करत बसलेल्या नर्सला नको म्हटलं तरी सगळं ऐकू येत होतं.

"नळाच्या भांडणात तुम्हाला जायची काय गरज होती?"

"अख्खी गल्ली गेली. तूही आलीसच की."

"मी आपल्या बाजूनं आले. तुम्ही त्या खालच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या अंगावर आडवे पडलात!"

"चौघं तुडवत होते गं त्याला."

"आपलेच होते ना चौघं?"

"तेच तर. त्यांचे असते तर राक्षस म्हणून मोकळा झालो असतो. आपल्यांना काय म्हणावं, ते सुचेना."

"पण त्यांनी आधी आपल्या बादल्या फेकल्या."

"न्हाव्यानं नाही फेकल्या."

बायको जवळ सरकली. ओल्या रुमालानं त्यांच्या सदऱ्यावरचा रक्ताचा डाग पुसू लागली.

"अहो, तो दगड..."

"असू दे."

"न्हाव्यावर भिरकावला होता मी. तुम्ही मध्ये कुठून आलात, दिसलंच नाही."

"माहीत आहे. मी तुझ्याकडेच बघत होतो."

"मग डॉक्टरांना जिन्यावरून पडलो असं का सांगितलंत?"

"तू आपली ना, म्हणून."

नर्सनं औषधाची पुडी पुढे केली. बायकोनं ती घेऊन पदराला बांधली.

"उठा. आधी न्हाव्याच्या घरी जाऊ. त्याला मी खरं सांगते."

"घाबरू नकोस. मी आहे बरोबर."

"बरोबर असा. पण या वेळी मध्ये पडू नका."