आला गं, लाटांवरून आला

— तिथं नको बसूस बाळा, भट्टीचा धूर जाईल डोळ्यांत. ही पाटी पालथी घाल नि बस. मासे उलटता उलटता बोलले तर चालेल ना तुझ्या यंत्राला? हां. तर 'आला गं, लाटांवरून आला' — हे भजन मला कसं सुचलं! एवढ्यासाठी अक्राहून आलास? पुस्तकात छापणार? अगं बाई! मग लिही — ह्या आरबाबाईनं तीन दिवस उपास केला, चौथ्या दिवशी दृष्टान्त झाला. आमचे हे असंच सांगतात. हे म्हणजे उपदेशक एजिर, माझा नवरा. चाळीस वर्षं सांगतायत.

हसतेय कुठे मी? बरं, हसतेय. उपास — आणि मी! अरे, मक्याच्या केंकीचे दोन गोळे माशाबरोबर चेपल्याशिवाय मी चर्चची पायरी चढत नव्हते! हे नको लिहूस. तुमच्या शहरात नसेल, पण आमच्याकडे वाचता न येणाऱ्या बायकांनी प्रवचनाच्या मध्येच उठून गाणं उचलायचं, अशी रीतच आहे. बाई उठली की पाद्र्यानं गप्प राहायचं, बाकीच्यांनी झेलायचं. मी एकोणीस वर्षांची. पाद्री नोहाच्या तारवावर बोलतोय, नि ते तारू काही केल्या टेकेना! आणि खिडकीतून काय दिसावं — लाल पट्ट्याची होडी! एबोची! मला लग्नाचा शब्द देऊन सात महिने अबिजानकडे मासेमारीला गेलेला माझा एबो! आता प्रवचनातून पळता येतं का? नाही. पण गाता येतं ना! उठले नि ओरडलेच — आला गं, लाटांवरून आला, माझा धनी आला! बायकांनी झेललं, पुरुषांनी झेललं, ढोलवाला पेटला, पाद्री ढसाढसा रडायला लागला — सगळ्यांना वाटलं, प्रभूच आला! मी टाचा उंचावून बघतेय नि कडवी जोडतेय. वल्हं दिसलं, वल्हं घातलं. रुंद खांदे दिसले, खांदे घातले. ते खांदे आजही गातात हो, मोठमोठे पाद्री गातात!

एबो? उतरला की. मागोमाग एक बाई उतरली. पोटुशी. आणि मी सातव्या कडव्यावर! थांबणार कशी, अख्खं चर्च नाचतंय! रडत रडत पुरं केलं. ते रडणं बघून कोपऱ्यातल्या एजिरनं ठरवलं, लग्न करीन तर ह्या भक्तिणीशीच. आठवड्यात मागणी. भजन कसं सुचलं, विचारलंन. मी म्हणाले, दृष्टान्त झाला. दुसरं काय म्हणणार होते?

अगं बाई, हे सगळं तुला सांगून बसले की मी! चालूच आहे ते? पूस. पूस म्हणते ना! ह्यांना कळलं तर मोडून पडतील रे. रोज गल्लीच्या टोकापासून तेच गात येतात, बेसूर, छत्री आपटत. आधी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता? आता मी गायला उठले की कुणाचे खांदे दिसतात, सांगू? ह्यांचे. रुंद कसले, कपडे टांगायच्या खुंट्या! पण ह्यांचेच दिसतात, देवाशपथ.

हस मेल्या, हस. — श्श! छत्री वाजली. पुसलंस ना? दाखव. बरं.

आलात? बघा, पुस्तकासाठी अक्राहून पोरगा आलाय. होय हो, दृष्टान्ताचंच विचारत होता. मी कुठलं सांगतेय? तुम्ही बसा इथं. तुम्हीच सांगा, तुम्ही छान सांगता.