काकडीचा घोडा

(शारजा, २००१. अविधवा नवमीची सकाळ. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात अण्णासाहेब, मुलगा प्रसन्न, सून रुचा.)

प्रसन्न : आणि काकडीला ह्या काड्या कुणी टोचल्या? तुमच्या नातीनं, पर्णिकानं?

अण्णासाहेब : मी. घोडा आहे तो.

प्रसन्न : अण्णा! रुचानं पहाटे उठून आईसाठी वडे-खीर केली. त्या पानाशेजारी घोडा?

अण्णासाहेब : जपानात करतात. गेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात, त्यांना लवकर पोचता यावं म्हणून. वाचलं होतं कुठंतरी... चुकतही असेन.

रुचा : आणि हे वांगं?

अण्णासाहेब : त्याचा बैल. परत जाताना बैलावरून, सावकाश. पण तो नाही केला.

प्रसन्न : बरं, ऐका. श्रीनाथकाकांचा मिरजेहून आत्ता फोन येईल. आपल्या तिथल्या घराला गिऱ्हाईक आलंय. तुम्ही फक्त हो म्हणा, खलास.

अण्णासाहेब : म्हणूनच नाही केला. परत जायला घर नको का?

प्रसन्न : बंद घर ते, वाळवी लागलेलं! आणि तुम्हाला जपानी भुतं सुचतायत.

अण्णासाहेब : चिनी लोकांचंही एक आहे. भुकेलं भूत. पोट हंड्याएवढं, गळा सुईएवढा. समोर अन्न असून गिळता येत नाही. कुमुदचं शेवटी तसंच झालं होतं. तुला मात्र फोनवर सांगायची, पोटभर जेवले रे.

प्रसन्न : मला काय माहीत?

अण्णासाहेब : बरी होती तेव्हा एकच म्हणायची, एकदा प्रसन्नाचं घर बघायचंय.

प्रसन्न : तेव्हा आम्ही शेअरिंगमध्ये होतो, अण्णा. एका खोलीत. कुठं ठेवणार होतो आईला?

रुचा : हा फ्लॅट घेतला तेव्हा आई होत्या, प्रसन्न. चांगल्या हिंडत्याफिरत्या. मी विचारलंही होतं तुला.

प्रसन्न : तू मध्ये बोलू नकोस.

रुचा : बरं. फोन वाजतोय, तो तरी घे.

प्रसन्न : काकाच आहेत... हॅलो, काका, एक मिनिट हं. अण्णा, काय सांगू?

अण्णासाहेब : सांग, विकून टाका.

प्रसन्न : मनापासून?

अण्णासाहेब : हो. मग तिला परत जायला नको. राहील इथंच. आता तिला वेगळी खोली लागणार नाही.